संध्याकाळ किती वाजता होते?

सभागृहांच्या दारावरचे फलक, लग्नपत्रिकांचा तळ आणि वर्तमानपत्रांतील ‘आजचे कार्यक्रम’ हे सदर या तिन्ही ठिकाणी ‘सायं.’ ही दोन अक्षरे आणि त्यांच्यापुढचे टिंब हल्ली इतक्या सढळ हाताने छापले जाते, की दुपारी चारला भरणारे बालनाट्य शिबिर, साडेसहाला सुरू होणारे व्याख्यान आणि रात्री साडेआठला तिसरी घंटा होणारा नाट्यप्रयोग हे सारे एकाच संध्याकाळच्या पोटात बिनतक्रार सामावून जाते. वैशाखात चार वाजता डोक्यावर ऊन रणरणत असते आणि मार्गशीर्षात साडेआठ वाजता गावच्या पारावर शेकोटी पेटलेली असते, याची त्या टिंबाला दादही नसते. दुपारची झोप उतरल्यापासून रात्रीचे पान वाढले जाईपर्यंतच्या सगळ्या अवकाशावर मारायचा एक शिक्का, एवढेच या शब्दाचे काम आता उरले आहे. आणि या शिक्क्याला पुन्हा एकदा कड आखून द्यावी, असे माझे मत आहे. ही व्याकरणाची कुरकुर आहे असे ज्यांना वाटेल त्यांनी क्षणभर थांबावे, कारण पूजेचे मुहूर्त, मजुराचा रोज, पोलिसांचे अधिकार आणि शाळेतून निघालेल्या मुलीचे सुखरूप घरी पोचणे, एवढ्या गोष्टी या एका शब्दाच्या अर्थाला बांधलेल्या आहेत.

मूळ शब्द ‘संध्या’. दोन वस्तू जेथे एकमेकींना भिडतात तो सांधा, आणि अहोरात्रीचा सांधा ती संध्या. दिवस व रात्र चोवीस तासांत दोनदा भिडतात, म्हणून संस्कृतात पहाटेलाही संध्याच म्हणतात. प्रातःसंध्या, सायंसंध्या आणि मध्यान्हीच्या सांध्यावरची माध्यान्हसंध्या मिळून त्रिकाळ संध्या पुरी होते, आणि मुंज झालेल्या बटूला पळी-पंचपात्र पुढे ठेवून जी ‘संध्या’ करायला बसवीत, त्या उपासनेलाही नाव मिळाले ते या वेळेवरूनच. मनुस्मृतीने तर युगांनाही संध्या दिली आहे : चार हजार वर्षांचे कृतयुग, त्याच्या आरंभी चारशे वर्षांची संध्या आणि अखेरीस तितक्याच वर्षांचा संध्यांश. मराठीने या शब्दाला ‘काळ’ जोडला तेव्हा त्याची उगवतीकडची बाजू गाळून मावळतीकडची तेवढी ठेवून घेतली. प्राकृतातून तोच शब्द ‘संझा’ होऊन मराठीत आला तो ‘सांज’ या रूपाने, जसा ‘वंध्या’चा ‘वांझ’ झाला. तेव्हा संध्याकाळ आणि सांज हे दोन शब्द नव्हेत, एकाच शब्दाचे पोथीतले आणि ओसरीवरचे उच्चार होत.

त्या मूळच्या दुहेरी अर्थाची आठवण आपल्याकडे जर कोणी जिवंत ठेवली असेल तर ती गवयांनी. मुंबईच्या वाळकेश्वरात जन्मलेल्या पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी हिंदुस्थानी रागांची जी व्यवस्था लावली, तीत ‘संधिप्रकाश’ रागांचा एक वर्गच आहे, आणि त्यात पहाटेचा भैरव व सूर्यास्ताचे मारवा, पूरिया, श्री हे एकाच पंगतीला बसतात. कोमल ऋषभ आणि शुद्ध गांधार ही त्यांची समाईक खूण. मध्यम शुद्ध असला तर सांधा उजाडतीकडचा आणि तीव्र झाला तर अंधाराकडचा, असा त्यांचा स्थूल दंडक आहे. एका स्वराच्या चढउतारावर प्रातःसंध्या आणि सायंसंध्या यांतले अंतर तोलणारी ही दृष्टी, आणि चार ते नऊ या पाच तासांना सरसकट ‘सायं.’ ठोकणारी आपली दृष्टी, या दोहोंमध्ये अधिक आधुनिक कोणती हे वाचकांनीच ठरवावे.

बरे, मराठीत दिवसाच्या उतरणीसाठी शब्दांचा तोटा आहे असेही नाही. उन्हे कलतात, मग उन्हे उतरतात, मग दिवस मावळतो किंवा बुडतो. तिसऱ्या प्रहराचा चहा होतो तो उन्हे कलल्यावर. शेतातली माणसे अवजारे उचलतात ती उन्हे उतरल्यावर. गुरे रानातून परतताना त्यांच्या खुरांची धूळ तिरप्या उजेडात तरंगते ती गोरज वेळ, आणि आज जिच्या गावात गाय औषधालाही नाही अशा वधूच्या पत्रिकेवरही ‘गोरज मुहूर्तावर’ असे छापलेले असते. सूर्यबिंब बुडाले की दिवेलागण. देवापुढे निरांजन, अंगणात तुळशीपाशी पणती, आणि मुलांचे शुभंकरोती, परवचा. हीच तिन्हीसांज, कोकणात आणि गोव्यात तिनसांज. या वेळी केर काढू नये, मीठ-तेल उसने देऊ नये, सुई मागू नये, अंथरुणावर पडू नये, असे निर्बंध घरोघरच्या आज्यांनी घातले ते याच अर्ध्या घटकेसाठी. त्यांपैकी अंधुक उजेडात सुई सांडू नये आणि केरासोबत सोन्याचा मणी बाहेर जाऊ नये एवढे शहाणपण आजही मान्य करायला हरकत नाही. ‘तिन्ही’ सांजा कोणत्या, याचे उत्तर मात्र घरागणिक वेगळे मिळते. अमरकोशातील ‘त्रिसंध्य’ म्हणजे प्राह्ण, मध्याह्न आणि अपराह्ण; मराठीने या तिन्ही उचलून एका मावळतीत कोंबल्या असाव्यात असा माझा तर्क आहे, आणि तो तर्क म्हणूनच घ्यावा.

यापुढची ती कातरवेळ. ‘कातर’ म्हणजे भ्यालेला, व्याकूळ झालेला. कामे हातावेगळी झालेली, दिवा नुकता लागलेला, आणि घरचे माणूस अद्याप परतलेले नाही, अशा मनःस्थितीला दिलेले हे नाव आहे, आणि घड्याळाच्या कोणत्याही काट्याला ते बांधता येत नाही. शास्त्र्यांचा ‘प्रदोष’ मात्र अगदी हिशेबी : सूर्यास्तानंतर घटका मोजून ठरविलेला. देशावरच्या बोलीत याच सगळ्या पसाऱ्याला ‘सांच्याला’ एवढा एक शब्द पुरतो, आणि ‘सांच्याला येतो’ असे सांगून गेलेला माणूस दिवा लागल्यावर येतो की जेवणे झाल्यावर, हे ज्याच्या त्याच्या स्वभावावरून ऐकणाऱ्याला आपोआप कळते.

या शब्दांच्या नेमकेपणाला आकाशाचाही दुजोरा आहे. सूर्याचे बिंब क्षितिजाखाली गेल्यापासून ते सहा अंश खाली उतरेपर्यंत बाहेर दिव्यावाचून वावरता येते, असे खगोलशास्त्र धरते. महाराष्ट्राच्या अक्षांशावर एवढ्या उतरणीला वर्षभरात सुमारे बावीस ते चोवीस मिनिटे लागतात. घटका चोवीस मिनिटांची. म्हणजे सूर्यास्त झाल्यापासून एक घटका हा जो आपल्याकडचा दिवेलागणीचा अदमास, तो ज्या कोणी प्रथम बांधला त्याच्यापाशी दुर्बीण नसली तरी अंगण खचित होते.

संध्याकाळ नेमकी कोणती, हा प्रश्न पोथीतला राहिलेला नाही याचे प्रत्यंतर २०२४ सालच्या दिवाळीने दिले. लक्ष्मीपूजन अमावास्येच्या प्रदोषकाळी करावयाचे. त्या वर्षी आश्विन अमावास्या ३१ ऑक्टोबरला दुपारी चारच्या आत लागली आणि १ नोव्हेंबरला सायंकाळी सव्वासहा वाजून गेल्यावर संपली. तेव्हा ३१ तारखेचा प्रदोषकाळ अमावास्येने पुरता व्यापलेला, तर १ तारखेला मुंबईत सूर्यास्त सहा वाजून पाच मिनिटांच्या सुमारास असल्याने त्यानंतर अमावास्या उरली ती जेमतेम दहाबारा मिनिटे. उत्तरेत अनेक ठिकाणी ३१ तारीख धरली गेली; महाराष्ट्रात दाते पंचांगासारख्या मान्यवर पंचांगांनी, सूर्यास्तानंतर थोडी का होईना अमावास्या मिळते म्हणून, १ नोव्हेंबर हा दिवस दिला. व्यापाऱ्यांनी चोपड्या कोणत्या रात्री पुजायच्या, बँकांना सुटी कोणती, पेढ्यांवर बत्ताशांचे ताट कधी फिरवायचे, हे सारे त्या दहाबारा मिनिटांवर लोंबकळत राहिले. ‘सायं. ४ ते ९’ असे लिहिणाऱ्यांना तो वाद मुळात समजलाच नसता, कारण त्यांच्या कोष्टकात दोन्ही दिवस सारखेच बसले असते.

पुराणांनीही या सांध्याचा उपयोग एखाद्या निष्णात वकिलाने करावा तसा केला आहे. दिवसा मरण नको, रात्री नको, असा वर हिरण्यकशिपूने लिहून घेतला खरा, पण त्या दस्तऐवजात सांध्याचा उल्लेख राहिला, आणि उंबरठ्यावर, तिन्हीसांजेला, नरसिंहाने ती पळवाट गाठली. जयद्रथाची कथा याच्या उलट दिशेची. सूर्यास्तापूर्वी वध न झाल्यास अग्निकाष्ठे भक्षण करीन अशी अर्जुनाची प्रतिज्ञा. श्रीकृष्णाने सूर्य झाकला, जयद्रथ निर्धास्त होऊन डोके वर काढता झाला, आणि पुन्हा बिंब दिसताच बाण सुटला. कोर्टात पुरावा हजर करावा तसे ‘हा सूर्य आणि हा जयद्रथ’ असे आपण आजही म्हणतो. त्या म्हणीतला सूर्य म्हणजे दिवसाची मुदत संपलेली नाही याचा दाखला होय. त्याच रात्री मशाली पेटवून लढाई पुढे चालली आणि घटोत्कच पडला, म्हणजे सूर्यास्ताला शस्त्र खाली ठेवण्याचा करार मोडल्यावर काय होते तेही व्यासांनी लगोलग दाखवून ठेवले आहे.

मराठी अमदानीतही दिवसाची अखेर ही वादाची बाब होती. रायगडाचे दरवाजे संध्याकाळी बंद झाले म्हणून तान्ह्या मुलाच्या ओढीने कडा उतरून गेलेल्या हिरकणी गवळणीची आख्यायिका प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असते. पण तिच्यातला खरा खलनायक, म्हणजे सूर्यास्ताला दरवाजा लावण्याचा दंडक, हा गडोगडीच्या बंदोबस्ताचा भाग होता, याकडे सहसा लक्ष जात नाही. दप्तरातली गुंतागुंत आणखी निराळी. पेशवाईतल्या पत्रांवर तिथीच्या जोडीने किंवा तिच्याऐवजी ‘छ’ हे अक्षर घालून मुसलमानी महिन्याची तारीख येते. आपला वार सूर्योदयाला बदलतो, तर मुसलमानी तारीख सूर्यास्ताला. दोन्ही गणनांचे नियम तंतोतंत लावले तर दिवे लागल्यावर लिहिलेल्या कागदावर वार आदल्या सकाळचा आणि तारीख दुसऱ्या दिवसाची पडते. लढाया आणि तह बरेचदा रात्री उशिरा कळविले जात, म्हणून जंत्री उघडून बसणाऱ्या संशोधकाला कागदाचा मजकूर वाचण्याइतकेच हेही पाहावे लागते, की शाई वाळली तेव्हा बाहेर ऊन होते की चांदणे. पुढे इंग्रजांनी कचेरीत मध्यरात्रीला बदलणारी तारीख आणून बसविली, आणि ज्या क्षणाला जागा असलेला माणूस क्वचितच सापडतो तोच दिवसाचा कायदेशीर शेवट ठरला.

रायगड ज्या कुलाबा जिल्ह्यात मोडे त्याच जिल्ह्यात, अलिबाग-पेण-पनवेलकडे, घाण्यावर तेल गाळणारे बेने इस्रायली शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथ पाळायला लागत आणि शनिवारभर घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले; त्यांचा शनिवार शुक्रवारच्या दिवेलागणीला सुरू होतो, ही गोष्ट त्या नावात मावली नाही एवढेच. रमझानचा रोजा सुटतो तो मगरिबच्या अजानीला. सांगली-कोल्हापूरकडचे जैन कुटुंब चौविहार पाळत असेल तर त्याची पाने दिवस असतानाच वाढली जातात, आणि अशा घरच्या लग्नपत्रिकेत भोजनाची वेळ घड्याळात न देता ‘सूर्यास्तापूर्वी’ अशी दिलेली मी पाहिली आहे. त्या एका शब्दाने पत्रिकेतल्या बाकीच्या सगळ्या ‘सायं.’ना मान खाली घालायला लावली होती.

आणि कायदा? तो तर या बाबतीत पुरोहितांहून काटेकोर आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी कोणत्याही स्त्रीस अटक करू नये, अपवादात्मक परिस्थितीत करावयाची झाल्यास महिला अधिकाऱ्याने प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घेऊनच करावी, अशी तरतूद २००५ च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत आली आणि २०२३ च्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ती कायम राहिली. येथे ‘संध्याकाळी सात’ असे लिहून भागले नसते. केंद्रीय मोटार वाहन नियम दिवे लावायला सांगतात तेही सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने. शवविच्छेदन दिवसाउजेडीच व्हावे हा जुना रिवाज २०२१ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने, पुरेशी सोय असलेल्या रुग्णालयांपुरता आणि संशयास्पद मृत्यू वगळून, सैल केला. घरावरचा राष्ट्रध्वज सूर्यास्ताला उतरविण्याचे बंधन २०२२ च्या जुलैत गेले. उलट १९४८ च्या कारखाने अधिनियमाने स्त्रियांना सकाळी सहा ते सायंकाळी सात या वेळेतच कामावर ठेवण्याचा नियम केला तो घड्याळावर, आणि म्हणून डिसेंबरात कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडणारी बाई नियमात बसूनही आधीच अंधारलेल्या रस्त्याला लागत असे.

भाषा ही वापराने घडते, शहरात सूर्य दिसतो कोणाला, विजेच्या दिव्यांनी सांजेची गरजच संपविली, हे आक्षेप मला ठाऊक आहेत आणि त्यांतला शेवटचा निम्मा खराही आहे. शब्दाचा अर्थ पसरतो, याला कोणी आडवे जाऊ नये. सायंदैनिके दुपारीच विकायला येत, आणि त्यावरून त्यांच्या संपादकांना कोणी जाब विचारल्याचे ऐकिवात नाही. उतारवयाला ‘आयुष्याची संध्याकाळ’ म्हणण्याची आपली लकब इतकी रुळली, की दूर गेलेल्या मुलांची वाट पाहणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याच्या नाटकाला जयवंत दळवींनी ‘संध्याछाया’ हे नाव दिले तेव्हा ते कोणाला समजावून सांगावे लागले नाही. मात्र ‘शुभ संध्या’ आणि ‘शुभ संध्याकाळ’ या नव्या अभिवादनांना माझा विरोध आहे. इंग्रजीतला शिष्टाचार शब्दशः उचलून आणल्याने ती इतकी परकी वाटतात, की ती तोंडी उच्चारणारा मनुष्य मला अद्याप भेटलेला नाही. ती केवळ भ्रमणध्वनीवर, मावळत्या सूर्याच्या रंगीत चित्राखाली, दुपारी दोन वाजता येऊन पडतात. आपल्याकडे दिवा लागला की दिव्याला हात जोडून ‘नमस्कार’ म्हणतात, आणि घरात पाहुणा असेल तर त्या नमस्कारात तोही येतो.

माझे म्हणणे अखेर व्यवहारापुरते आहे. मुंबईत सूर्यास्त डिसेंबरच्या आरंभी सहाच्या सुमारास आणि जुलैच्या आरंभी सव्वासात उलटून गेल्यावर होतो. गडचिरोली मुंबईहून सात अंशांहून अधिक पूर्वेला असल्याने तेथे सूर्य जवळजवळ अर्धा तास आधी मावळतो, म्हणजे हिवाळ्यात साडेपाचच्या आसपास. राज्य एक, घड्याळ एक, आणि संध्याकाळी सहाची बैठक, संध्याकाळी सहाची एस.टी., संध्याकाळी सहाला सुटणारा शाळेचा जादा तास हा हुकूमही एक. पण अंधेरीच्या मुलीला त्या सहाला उजेड मिळतो आणि भामरागडच्या मुलीला डिसेंबरात हातात विजेरी लागते. जिल्हा परिषदांच्या परिपत्रकांत, आगारांच्या वेळापत्रकांत आणि रोजगार हमीच्या कामांवरील फलकांत ‘सायं. ६’ ऐवजी ‘सूर्यास्तापूर्वी अर्धा तास’ किंवा ‘दिवेलागणीच्या आत’ असे लिहिता येईल, ऋतूगणिक वेळ बदलता येईल. पंचांगकर्ते हे गणित शतकानुशतके करीत आले आहेत आणि वेधशाळा ते फुकट देते. वर्तमानपत्रांनीही मुंबई-पुण्याचा सूर्यास्त छापून थांबू नये, ज्या जिल्ह्यात आवृत्ती निघते त्या जिल्ह्याचा द्यावा, आणि ‘आजचे कार्यक्रम’ लावणाऱ्या उपसंपादकाने तो आकडा समोर ठेवून त्याच्या आधीच्या वेळेला ‘दुपारी’ आणि घटकाभरानंतरच्या वेळेला ‘रात्री’ असे लिहावे. नाटकवाल्यांची हरकत येणार नाही. रात्री साडेआठचा प्रयोग ते आपापसांत ‘रात्रीचा प्रयोग’ असाच म्हणतात.